वानगी

माझा स्वार्थ आधी सांगतो, मग बोलतो.
मी मलिकजान नालबंद, सदलग्याचा.
एका नालाला सात खिळे, हा माझा हिशेब.
आणि बेंगळूरचा इंजिनिअर म्हणतोय,
नव्या ट्रॅकवर खिळे लागणारच नाहीत कदाचित,
रबरी बूट चिकटवतात आता.
तवा माझं मत कुणी मोजू नये.

तालमीत बैठक होती. चहा दोनदा झाला.
त्यानं टेबलावर पिशवी ओतली:
वाळू, मेण, टायरचा चुरा, कापडाचे दोरे.
पावसात चिखल नाही, उन्हात फुफाटा नाही,
बारा महिने शर्यत.
हे आधी कन्नडमध्ये म्हणाला,
मग मराठीत तेच, थोडं कमी.

बाळगोंडा मगदूम उठला:
ऊस बांधून झाला की गडी रिकामा,
घोडी दावणीला खाऊन फुगत्यात.
पळवू की जुलैतबी!

तवनाप्पा चौगुला बसूनच म्हणाला,
ट्रॅक कुठं हुणार? बेळगावात.
किती? एक.
मग एकसंब्याच्या माळावर काय, प्लॉट पाडायचे?
जत्रा आमची, घोडा आमचा,
आन आम्ही बघायचं मोबाइलवर?

मागनं कुणीतरी, आन तिकीट कितीचं वो?
हशा झाला. इंजिनिअरही हसला,
पण सांगितलं नाही.

मी गप्प होतो.
शर्यत संपली की माणसं ढालीमागं धावतात,
मी रानातच मागं राहतो, वाकून.
डावा मागला खूर उथळ उमटलाय:
दुखतंय तिला,
मालकाला आठ दिवसांनी कळेल.
टाच कोरडी, पुढची कड खोल:
घाई हाकणाऱ्याची, घोडीची नव्हे.
काळी माती एवढं सगळं सांगते
आणि नांगरट होईतो सांगत राहते.

पण तीच माती.
दोन वर्षांमागं कारहुणवीला
रात्रभर पाऊस, तरी गाड्या सोडल्या.
तिसऱ्या वळणावर चिखलानं गुलछडीचा पाय धरला
आणि सोडला नाही.
गाडी पुढं गेली, अंग पुढं गेलं.
ऊस मोडल्यासारखा आवाज,
तेवढाच.
नाल शाबूत होता. सातही खिळे जागेवर.
कुणी विचारलं की मी हेच आधी सांगतो
आणि सांगताना मान वर करत नाही.

तो नाल खिशात असतो माझ्या.
बैठकीत काढला, त्या ढिगावर दाबला.
उमटला झकास.
मग कडा हळूच वर आल्या,
आमच्या डोळ्यांदेखत ढीग सपाट झाला.
म्हटलं, साहेब, हे विसरतंय की!
तो खूश झाला: हेच तर सांगतोय मी
मघापासून.

हात वर करायची वेळ आली.
बाळगोंडाचा वर. तवनाप्पाची घडी छातीवर.
माझा खिशात.
मोजणी दोनदा झाली, दोनदा वेगळी आली,
पुढची बैठक अमावास्येनंतर.

येताना मूठभर वानगी कागदात बांधून आणली,
तबेल्याच्या तोंडाशी पसरली.
गुलछडीची शिंगी, दीड वर्षाची,
नाल अजून ठाऊक नाही तिला.
फुरफुरली, हुंगलं, पाय ठेवला,
उचलला.
मी उकिडवा बसून बॅटरी मारली.
तिथं कुणी उभं राहिलंच नव्हतं.

मग तिचा खूर मांडीवर घेतला.
तिनं निम्मं वजन माझ्यावर टाकलं, आईसारखंच.
कोमट लागला. कडा दोन्ही सारख्या.
गेल्या महिन्यापेक्षा जड झालीय थोडी.

मेण मात्र खुराच्या खाचेत बसलं.
रासपीनं खरडलं, गोमूत्रानं धुतलं,
सकाळी पुन्हा हुंगून बघितलं.
नव्या चपलेचा वास, अजून तसाच.