आठवं घर, तिसरं घर

कौनासमधे जानेवारीत चारलाच अंधारतं.
बंद पडलेल्या दोऱ्याच्या कारखान्यात वाइवा टेबल मांडते:
दोन डेक, एक मिक्सर, हीटरवर वाळत टाकलेले मोजे,
आणि रेडिओच्या तळघरातून उसनी आणलेली एक फीत.
डब्यावर पेन्सिलीनं: चेलो आणि पियानो, संथ भाग,
गिन्तौतास, दानुते, फेब्रुवारी एकोणऐंशी.
बस, एवढंच.
पट्टी लिहिलेली नाही.

फीत लॅपटॉपात उतरली
आणि लॅपटॉप गुरुजींसारखा पत्रिका मांडून बसला.
बारा घरांचं चक्र.
आठव्याचं सातव्याशी जमतं, नवव्याशी जमतं,
शेजारणी त्या, एकमेकींच्या पंचमावर राहणाऱ्या,
एकीनं विरजण मागितलं तर दुसरी वाटी भरून देते.
लांबच्या घरात दिलीत तर
रात्रभर भांडी आपटतील.

पहिल्यांदा म्हणाला: घर आठवं, ठोके एकशे अठरा.
पुन्हा विचारलं: घर तिसरं, ठोके एकोणसाठ.
अरे, एक काहीतरी ठरव, वाइवा म्हणाली.
तिसऱ्यांदा पडद्यावर नुसता गोल फिरत राहिला.

दानुतेबाई एक्याऐंशीच्या. पुलापलीकडे, तिसरा मजला.
त्यांनी हेडफोन उलटे घातले, मग सुलटे.
'त्या हिवाळ्यात वीजच दमलेली असायची.
मुद्रणाचं यंत्र रेंगाळत फिरलं.
म्हणून आज तुम्ही फीत नीट वेगानं लावलीत
की आम्ही अर्ध्या पायरीच्या अर्धं वर चढतो,
आणि घाईत.
इथे मला सगळे सांगतात, बाई, जपून उतरा,
आणि तिथे बघ कशी पळतेय.'
हसल्या. खारवलेल्या काकडीची बशी पुढे सरकवली.

मग ती जागा आली.
चेलोचा एक सूर, आणि पुढे काहीच होत नाही.
चार सेकंद.
लॅपटॉपनं तिथे ठोक्यांच्या रेघा आखल्यात,
सगळ्या कोऱ्या पडल्यात, न आलेल्या पाहुण्यांच्या पाटांसारख्या.
'हे काय झालं इथे?'
'पान उलटत नव्हतं,' दानुतेबाई म्हणाल्या.
'बोटं गारठलेली. दोन पानं चिकटलेली.
तो गज ओढतच राहिला. गज संपत आला.
माझ्याकडे बघत नव्हता, हं. मुद्दाम खिडकीकडे बघत होता.'
मग बराच वेळ त्यांनी काकडीचे तुकडे केले,
कुणी खाणार नव्हतं इतके.

रविवारी पहाटे, पाच वाजता,
वाइवानं फेडर तीन टक्के खाली ओढला.
एकशे अठराचे साडेचौदावर एकशे आले.
चेलो जिना उतरला आणि आपल्या घरात शिरला. आठव्या.
जोडीला तिनं नववं घर दिलं:
विल्नियसच्या एका पोराचा ड्रम, काळा, पोटात वाजणारा.
छत्तीसच्या छत्तीस गुण.
नाचणाऱ्यांना कळलंही नाही कधी लाकूड संपलं
आणि कधी लोखंड सुरू झालं.

फक्त ती चार सेकंदं जुळत नव्हती.
यंत्राच्या भरवशावर सोडलं असतं
तर ड्रमनं त्या पानावरून गाडी नेली असती.
तिनं आपोआप-जुळणीचं बटण बंद केलं,
ड्रमच्या तबकडीवर तर्जनी ठेवली,
झोपलेल्या बाळाच्या छातीवर ठेवावी तशी,
आणि थांबली.

दोनशे माणसं एक पाय उचलून.
नेमुनासवरून बर्फाचा करकर आवाज.
गज ओढला जातोय, संपत येतोय,
कुठेतरी कुणीतरी खिडकीकडे बघतंय.

मागच्या भिंतीपाशी एक ग्लास फुटला.

लॅपटॉपनं इमानानं त्याचीही नोंद घेतली:
घर आठवं.
लय माहीत नाही.