ऋण टोकाकडे

वाळकं गवत उकळून, गार करून,
त्यात सोमेश्वरच्या खालून आणलेलं बाटलीभर गोदेचं पाणी,
मग आठवडाभर फडक्याखाली.
शुक्रवारी उघडलं तर ओल्या गोणपाटाचा वास
आणि थेंबात हे:
चपलेच्या आकाराचे, केसाळ, उगाच घाईत.

काचपट्टीच्या दोन्ही अंगांना अगारचे पूल मीच ओततो.
तारा थेट बुडवल्या तर पाणी आंबतं,
मरतात बिचारे.
एकोणतीस वर्षांत एवढंच नक्की शिकलो,
बाकी सगळं सरांचं.

हलिमा पिंजारीनं बटण दाबलं. तीन व्होल्ट.
अख्खी गर्दी थबकली, वळली,
निघाली ऋण टोकाकडे.
तिनं तारा उलट जोडल्या. ते उलट.
परत सुलट. ते सुलट.
"काका, यांना कळतं कसं?"
कळत नाही गं. एका कुशीचे केस
उलटे वल्हवायला लागतात,
अंग वळतं,
आणि वरून बघून आपण म्हणतो, निघाले.

"आणि हा?"
गवताच्या तंतूला टेकून एक जण.
धरलेलं काही नाही, नुसता टेकून.
चार व्होल्ट. ढिम्म.
बाजूनं वरात गेली.

बोरस्ते सरांनी जर्नल चाळलं.
"हा कशाला लिहिलास? सगळे वळले, असं लिही.
परीक्षक विचारत बसतील."
हलिमा गप्प.
भद्रकालीत तिच्या आजोबांची पिंजण अजून टांगलेली आहे.
तिनंच सांगितलेलं एकदा, डबा खाताना:
तात वाजली की कापूस उडायचा,
एखादा पुंजका मात्र दांडीलाच चिकटलेला.
तो ते बोटानं सोडवायचे,
शिवी देऊन, पण हळू.

तेवढ्यात सातपूरची लाइन गेली.
पंखे थांबले, दिवा गेला,
खोक्यातली बॅटरी आपली चालूच.
मी आरसा खिडकीकडे फिरवला.
ऋण टोकाला सगळे
अगारवर डोकी आपटत होते.
तो तिथंच. तोंडाशी भोवरा,
त्यात जिवाणू ओढले जात होते.
जेवत होता.

हलिमानं एवढंच लिहिलं: अपवाद, एक.
शाईनं.

संध्याकाळी काचपट्ट्या धुतल्या.
एकोणीस.
विसावी गवतासकट बाटलीत परत सोडली
आणि वहीत फुटली म्हणून मांडली,
सात रुपये.