अधिक-उणे

बाबा कालामाला, तांब्याच्या खाणीत, वजनकाट्यावर होते.
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक,
पावतीवर शिक्का, चला, पुढचा.
चौतीस वर्षं.
मापात पाप केलं नाही,
स्वतःबद्दल एवढंच सांगायचे.

मी दुर्बीण फिरवते.
वर डोंगरावर, जिथे ओठ फुटतात
आणि ओला टॉवेल दहा मिनिटांत कडक होतो.
बाबांनी एकदाच विचारलं होतं,
सूप फुंकता फुंकता:
"ताऱ्याला काट्यावर चढवता कसं?"

चढवत नाही, बाबा.
एकट्या ताऱ्याचं वजन करायला जावं, तर हाती काही लागत नाही.
दोघं लागतात.
एफ्राइन आणि मी शाळेच्या पटांगणात फुगडी घालायचो, आठवतं?
तो थोराड, मी काडी.
तो जवळजवळ जागीच घुमायचा,
मी लांबून, धुळीतून, एक चप्पल उडवत.
आम्ही गेल्यावर कुणी नुसते ठसे मोजले असते,
तरी त्याला कळलं असतं
कोण किती भरतं.

"मग मोजा की ठसे."

मोजतोय. वर्षाला एक, फार तर दोन.
दोन तांबूस तारे, वय दोन कोटी वर्षं,
म्हणजे अजून दुधाचे दात.
अजून आक्रसताहेत, अंगातला ताप उतरलेला नाही.
एका फेरीला एकोणीस वर्षं.
आन्नेलीसने पहिला ठिपका टाकला तेव्हा
मी अंतोफागास्तात बूट विकत होते.

तिचा आलेख कागदी आहे,
कॉफीच्या कपाटाच्या दाराला चिकटपट्टीने लावलेला.
लांबट वाटोळी कक्षा, एका टोकाला उघडी.
त्या टोकाला दोघं सगळ्यात जवळ येतात,
सगळ्यात वेगाने एकमेकांना वळसा घालतात.
पाच वर्षांत कळत नाही ते तिथे
पाच रात्रींत कळलं असतं.

त्या वर्षी डोंगर बंद होता.
घुमटाला कुलूप, बस नाही,
मी खाली, मास्क लावून,
इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या खिडकीबाहेर.
आत कुणालाच सोडत नव्हते.
नर्सने काचेला पुठ्ठा लावला, त्यावर मार्करने:
एकावन्न किलो.
आदल्या सोमवारी अठ्ठावन्न होते.
बाबांनी आतून बोट हलवलं,
वजाबाकी त्यांनीही केली होती.

वर, त्याच महिन्यांत,
ते दोघं जवळ आले आणि गेले.
कुणी बघितलं नाही.

आन्नेलीसने तरी आकडा काढलाच,
उरलेल्या ठिपक्यांवरून,
वर्णपटातल्या रेषा किती सरकल्या त्यावरून.
थोरला सूर्याच्या चार दशांश,
धाकटा सत्तावीस शतांश.
पुढे अधिक-उणे,
आणि ते अधिक-उणे लाज वाटावी इतकं रुंद.
तरीही एक गोष्ट लपत नाही, म्हणाली ती,
ग्योटिंगेनच्या स्वयंपाकघरातून, व्हिडिओवर,
मागे कुकर की किटली काहीतरी ओरडत होतं:
धाकट्याला प्रकाशावरून जोखलं तर तो हलका भरतो.
ओढीवरून जोखलं तर जड.
"सिद्धांत चुकतोय की आपण?"
खूश दिसत होती.

मी म्हटलं, आमच्याकडे काट्यावर
ओढ धरत नसत.
तिला ते कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं नाही.

पुढची जवळीक येईल तेव्हा मी एकसष्टची.
आन्नेलीसचं वय तिने सांगितलेलं नाही, मी विचारत नाही.
उघड्या टोकापाशी तिने फिकट पेन्सिलीने
नुसतं साल लिहून ठेवलंय.

आज वारा सेकंदाला अकरा मीटर.
पहाटे साडेतीनला अर्धा तास मिळाला,
नारिंगी लेसर वर गेला,
प्रतिमा थरथरली, थांबली,
आणि एकाचे दोन झाले.
फाईल पाठवली. मग उठून
कपाटाच्या दारावर ठिपका टाकला.
जरा जाडच पडला.
पेन्सिलीला टोक नव्हतं.