तेहतिसावी रांग

ओउलूत फेब्रुवारीचा उजेड येतो
घाईतल्या पाहुण्यासारखा,
जोडेही न काढता उंबऱ्यावरूनच बोलून जातो.
इर्या कालिओकोस्कीची ही चौथी रात्र.

स्विचमध्ये चौसष्ट रांगा, प्रत्येकीचा एक बिट.
एक म्हणजे आत कुणी थांबलंय,
शून्य म्हणजे नाही.
याहून कमी अक्षरांत कुणाची हजेरी लागत नाही.

तरी पॅकेटं अडकत होती, पहिल्याच रांगेत.
आणि तेहतिसावी, रिकामी,
रात्रभर हाका मारत होती.

दोष सापडला पहाटे तीनला, पेंट्टीच्या ओळीत:
एक घे, डावीकडे सरकव.
एकवीस वर्षांपूर्वी घरं बत्तीसच होती.
ओळ तेव्हा खरी होती.
मग पट दुप्पट झाला,
तो एक मात्र तेवढाच राहिला, बत्तीस घरांपुरता.
तेहतिसाव्या दारी निघायचा
आणि गोल फिरून पहिल्या दारी पोचायचा,
तिथलीच हाक पुसून टाकायचा.

तिने एकाला तीन अक्षरं जोडली. एक रुंद झाला.
बस.

पण झोप येईना. खालची ओळ चौसष्टही घरं
दर फेरीला वाकून वाकून बघत होती.

वडील हाइलुओतोच्या बर्फात चाळीस भोकं पाडायचे,
प्रत्येकात एक दोर, दोराला बर्चची काडी,
काडीला लाल चिंधी.
मासा लागला की काडी उभी.
ही लहान, भोकाभोकाशी गुडघे टेकायची.
"काडी उभी नाही तिथे कशाला वाकतेस?"
एवढंच बोलले होते त्या अख्ख्या दिवसात.

यंत्राला विचारलं तर तेही एका दमात सांगतं
शेपटाला किती शून्यं आहेत.
थेट तिथे जायचं. काम झालं
की संख्येतून एक वजा करायचा,
जुन्या-नव्यात जे सामाईक तेवढं ठेवायचं:
शेवटचा एक विझतो,
बाकीच्यांच्या केसालाही धक्का नाही.

दुरुस्तीच्या टिपणात तिने पेंट्टीचं नाव घातलं नाही.
"रुंदी चुकली होती," इतकंच.

सकाळी त्याचाच फोन, केमीहून.
निवृत्त माणूस, अजून बदल वाचतो.
"तो एक माझा ना?"
"हो."
मागे कॉफीचं भांडं खदखदत होतं.
"बत्तीस पुष्कळ वाटायचे गं तेव्हा,"
तो म्हणाला,
आणि मग बर्फाची जाडी विचारू लागला.