उधारी

तीन महिन्यांची उधारी होती माल्खाझची.
वहीत त्याच्या नावापुढे नुसत्या रेघा:
रोज सहा पाव. पोरं भुकेली असतात, म्हणायचा.
मार्चमध्ये आला, टोपी हातात घेऊन.
पैसे नाहीत, नातेला. त्याबदली शिकवतो.
काय शिकवतोस?
मारायला. पाडायला. आवळायला.
मग जरा थांबून: सुटायलाही.
मी हसले. मला सेहेचाळीस संपलेलं.
पण बुडीत खात्यातून काहीतरी निघालेलं बरं,
असा हिशोब करून गेले.

कुताइसीतला जुना शिवणकारखाना, त्याचं तळघर.
भिंतीवर अजून उत्पादनाचा तक्ता,
पहिल्या नंबरावरच्या बाईचं नाव खरवडलेलं.
मॅटला व्हिनेगरचा वास.
डोक्यावरून पाइप जातात,
वर कुणी आंघोळ केली की आम्हाला कळतं.

दातांचं कवच उकळत्या पाण्यात टाकायचं,
मऊ झालं की चावायचं.
मी पावाच्या सवयीने अंदाजावर ठेवलं.
ते एका बाजूला वितळलं, अजून तसंच वापरते.

पहिल्या दिवशी उताणं पडून
ढुंगण मागे फेकत सरकायचं होतं,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
पोरं पोचली, पाणी प्याली, बुटांवरून भांडली,
मी मध्येच,
उलट्या पडलेल्या झुरळासारखी, पण चिकाटीची.

ठोसा तेवढा जमला.
हात जितक्या वेगाने गेला तितक्याच वेगाने परत आला पाहिजे,
माल्खाझ ओरडत होता सगळ्यांवर,
माझ्यापाशी येऊन गप्प झाला.
रांजणाएवढ्या भट्टीत कमरेपर्यंत वाकून
तीस वर्षं पाव लावतेय मी.
रेंगाळला हात की केस जळतात.

मग टेक्लाशी जोडी लावली.
सतरा वर्षांची, पिशवीत रसायनशास्त्राचं पुस्तक,
येऊन सरळ छातीवर बसली.
आवतोला पोलंडला जाऊन सहा वर्षं झाली.
सहा वर्षांत इतकं जवळ
कुणी आलं नव्हतं. हे मी त्या क्षणी मोजलं,
नको तेव्हा.
तिच्या केसांना सफरचंदाच्या शाम्पूचा वास होता.
तिने हात मानेखालून घातला, आवळला,
आणि कानात भट्टी पेटल्यासारखा आवाज सुरू झाला.

थाप मारायची असते अशा वेळी.
थाप तर मला येते!
दिवसाला चारशे: भिंतीवर कणीक,
तळहात, थाप, पुढचा.
पण माझी थाप पावाला सांगते, चिकट. धरून ठेव.
इथली सांगते, सोड.
हात मॅटवर पडून राहिला, अडाण्यासारखा.
पाइपांच्या कडा काळ्या व्हायला लागल्या.

तिनेच सोडलं. रडवेली झाली होती.
मावशी, थाप का नाही मारलीस?
मला काही नाही झालं, म्हटलं.
म्हणजे मारलीच, उशिरा.

पहाटे चारला मान वळेना.
अख्खी वळून वळून पाव काढले.
त्सियाला पाव घ्यायला आली, दंडावरचे वळ बघून
तिचा आवाज उतरला: कुणी, गं?
एका पोरीने. रसायनात नापास झालीय.
तिने पैसे मोजले, दोनदा,
आणि जाताना मागे बघितलं.

मे महिन्यात माल्खाझची उधारी फिटली.
रात्री वही काढली, रेघा मोजल्या, मिटली.
त्याला म्हटलं, अजून बरेच पाव निघतात तुझ्याकडे.
तो म्हणाला, असतील.

टेक्ला आता सावकाश आवळते.
मी अजूनही उशीर करते, पण दोन थापा मारते, मोजून.
हाताच्या पट्ट्या भट्टीच्या कडेवर वाळत घालते.
पावाला थोडा घामाचा वास लागत असणार.
अजून तरी कुणी परत आणून दिला नाही.