खोडलेली ओळ

जामसंड्याच्या चढावर दवाखाना. बुधवार.
सुगंधा कोयंडे येते नवऱ्याच्या चपलांत,
टेबलावर पिशवी उपडी करते:
गुडघ्याच्या डॉक्टरांची फाईल, डोळ्यांच्या डॉक्टरांची,
कोल्हापूरचा हृदयाचा कागद,
सात पाकिटं, एकाला चिकटलेलं सुकं खवलं.

नडगीवर अंगठा दाबते मी. खळगा पडतो
आणि राहतो तसाच,
ओहोटीच्या वाळूत टाच राहते तसा.
पाठीवर बोटानं ठोकते. सोबतची सून हसते,
"फणस बघतत जणू."
हो गं, तसंच. कुठं पोकळ, कुठं भरलेलं.

"मीठ कमी करा."
"खाऱ्या बांगड्यार घर चलता माजा, डाक्टर."

मग एकेक पाकीट खिडकीशी धरते.
गुडघ्याची ती लाल गोळी,
इमानानं दुखणं थांबवणारी,
तीच पायांत पाणी साठवत होती.
गुडघेवाल्यानं गुडघा पाहिला, डोळेवाल्यानं डोळा,
मधल्या मधे सुगंधा राहून गेली.

नवं काही लिहीत नाही. एक ओळ खोडते.
"इतक्याच? आणि ह्येचे पयशे?"

तिसऱ्या बुधवारी
चढावरून चपला वाजतात.
जुन्या, अंगठा शिवलेल्या,
तिच्याच.