चार तोळे आवाज

काठीपासून सुरू करू, ती सगळ्यात स्वस्त.
दुमडणारी, ॲल्युमिनियमची. तेव्हा साठ रुपये,
आता साडेतीनशे.
टोकाचं रबर सियागंजात मिळतं,
खुर्चीच्या पायाचं बूच म्हणून मागायचं, दहाला दोन.
आंधळ्याच्या काठीला हवंय म्हटलं
की दुकानदार पैसे घेत नाही,
आणि मग त्या दुकानात पुन्हा जाता येत नाही.

पाटी आणि टोचा शाळेनं दिला होता.
कागद जाड लागतो.
दादा वर्षभराच्या लग्नपत्रिका जमवून आणायचा,
मी शुभविवाहांच्या पाठीवर
पानिपतापर्यंतचा इतिहास टोचून काढला.

मग पोलोग्राउंडला वीज मंडळाचं एक्स्चेंज,
चाळीस एक्स्टेंशन बोटांखाली.
एका सोमवारी ते उचलून नेलं
आणि टेबलावर कॉम्प्युटर ठेवला.
साहेब म्हणाले, मुळ्येजी, अब आप आराम करो.
आवाज गोड होता. मला घाम फुटला.

पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम
मुंबईहून यायचा, एका सीडीत.
कॉम्प्युटर सव्वीस हजारांचा, सीडी अठ्ठेचाळीसची.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
मी म्हणालो. माणिकताई हसली नाही.

त्याच आठवड्यात ती शाळेतून आली
आणि आल्याचं मला कळलंच नाही.
एरवी जिन्याच्या वळणावर पाटल्या वाजायच्या,
दोन्ही उजव्या हातात, डाव्यात घड्याळ.
विचारलं तर म्हणाली, घट्ट होत होत्या.
सोनं तेव्हा सहा हजार तोळा.
चार तोळे. उरलेलं पतपेढीकडून.

तो आवाज आला. अमेरिकन, नाकातला.
अकरा महिने मी त्याच्याशी भांडलो,
मग मंडळाची पत्रं टाइप करू लागलो.

सात वर्षांनी पुतण्या म्हणाला, काका,
आता अस्साच फुकट मिळतो.
कुणीतरी आंधळ्या पोरांनीच लिहून वाटून टाकलाय.
उतरायला बावीस मिनिटं लागली.
ताईला सांगू नकोस, म्हटलं.
त्यानं आधीच सांगितलं होतं.
ती भाजी निवडत होती.
बरं झालं, म्हणाली, कुणाच्या तरी राहतील.

थांबलो असतो तर फुकट मिळालं असतं.
थांबलो असतो तर नोकरी गेली असती.
हे गणित मी रात्री करतो,
दर वेळी उत्तर तेच येतं, तरी करतो.

आता फोन आहे, जेल रोडवरचा, नऊ हजारांचा.
नोट धरली की पाचशेची म्हणतो,
गोळ्यांची तारीख वाचतो,
दुधाची पिशवी कालची आहे हेसुद्धा.
आतली बाई हिंदीवरून मराठीत आलेली असावी,
ळ तिला येत नाही.
मला ती मूल्ये म्हणते.
श्री मूल्ये, आपल्या खात्यातून दोनशे रुपये वजा.
मी आठ दिवस हसत होतो.

पुतण्या आता चष्म्याचं सांगतो.
समोर कोण आहे, दार कुठे, पायरी किती,
कानाशी पुटपुटतो म्हणे. दीड लाख, वर दरमहा.
दरमहा म्हणजे?
नाही भरले तर गप्प बसतो.
मी म्हटलं, असे नातेवाईक आहेत आपल्याकडे.

सोनं लाखाच्या वर गेलंय.
माझ्या ग्रॅच्युइटीतून आधी गच्ची गळायची थांबवली,
उरल्यात एकच पाटली बसली, तीही पोकळ.
एकटी वाजत नाही,
हे सोनाराच्या दुकानात माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ताई जिना चढते, आता हळूहळू.
वळणावर थांबून
कठड्याच्या लोखंडावर हात आपटते, मुद्दाम.
मी आतून विचारतो, कोण?
ती दम खाऊन म्हणते,
मूल्ये.